चकवा लागलेला माणूस, चकवा लागलेली संघटना

(टिटवाळ्याजवळ झालेल्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात मुरबाड भागातल्या एका कार्यकर्त्यानं केलेलं भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे. स्टेन्सिल कमी पडली म्हणून मधली प्रश्नोत्तरं गाळली आहेत. पाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवावं.)



मला विषय दिलाय ‘दिशाहीनता’. सकाळपासून तो शब्द फळ्यावर लिहिलेला आहे आणि सकाळपासून मी तो बघतोय. डोंबिवलीच्या सभागृहात शोभेल असा शब्द आहे. शहरातून आपल्याला मदत करायला येणारे मित्र इथं बसलेत, त्यांनी राग मानू नये. पण हा शब्द मी आमच्या पाड्यावर जाऊन बोललो तर लोक विचारतील, हे कुठल्या औषधाचं नाव?

आपल्याकडं याला शब्द नाही असं मात्र समजू नका. आपल्याकडं चकवा म्हणतात.

इथं बसलेल्या निम्म्या लोकांना चकवा माहीत असेल. रात्री रानातून माणूस घरी निघतो. रोजची वाट, पायाखालची. मध्येच कुठंतरी वाट सुटते. तो चालत राहतो. उजेड दिसेल, कुत्रं भुंकेल, पाडा येईल, म्हणून चालत राहतो. दोन तास चालतो, तीन तास चालतो, आणि बघतो तर तेच झाड! तोच ऐन, तोच दगड, ज्याच्यापाशी मघाशी बिडी पेटवली होती. कोणी म्हणतं भूत फिरवतं, कोणी म्हणतं अमावस्येचा गुण. मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच सांगायचंय, की चकव्यातला माणूस बसून नसतो. तो चालत असतो. घाम गाळत असतो. गावातल्या कुठल्याही माणसापेक्षा त्या रात्री तो जास्त चाललेला असतो. फक्त कुठं पोचत नाही.

म्हणून दिशाहीन म्हणजे आळशी, असं कोणी म्हणालं तर मी मानत नाही. आपली माणसं आळशी नाहीत. आपली संघटना पण आळशी नाही. पण चकवा लागलाय. माणसाला पण लागलाय आणि संघटनेला पण. आधी माणसाचं सांगतो, आणि दुसऱ्या कोणाचं सांगण्यापेक्षा माझंच सांगतो. हे मी आजपर्यंत शिबिरात बोललेलो नाही.

मी आश्रमशाळेत शिकलो. दहावीला दोन विषय राहिले. घरी आलो तर शेतातलं काही येत नव्हतं, कारण शेत शिकायच्या वयात मी शाळेत होतो. आणि शाळेत जे शिकलो त्यावर नोकरी मिळत नव्हती, कारण दोन विषय राहिले होते. बा म्हणायचा, राब भाजायला चल. मी जायचो, पण पाला कुठल्या झाडाचा तोडायचा, वर शेण किती, माती किती, मला कळायचं नाही. लहान भाऊ मला हसायचा. मग एक दिवस मुरबाडवरून एसटीत बसलो आणि कल्याणला उतरलो.

कल्याणला नाक्यावर उभा राहायला लागलो. तुम्हाला माहीत आहे नाका. सकाळी सात वाजता उभं राहायचं. मुकादम येतो, दंड बघतो, चार जणांना बोट दाखवतो. कधी वाळू चढवायची, कधी स्लॅबचं काम, कधी कोणाच्या घरचं सामान तिसऱ्या माळ्यावर न्यायचं. डोंबिवलीत ज्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या त्यातल्या कितीतरींच्या पाट्या मी डोक्यावर वाहिल्यात. संध्याकाळी रोख पैसे. रोख पैसे हातात आले की वाटतं आपण मोकळे, आपल्यावर कोणाचं ओझं नाही. दहा जण एका खोलीत राहायचो. रात्री वडापाव, कधी व्हिडिओ, कधी दारू. सकाळी पुन्हा नाका.

असे चार वर्षं गेले. प्रत्येक दिवसाचा हिशेब मी देऊ शकतो. कुठं काम केलं, किती मिळालं, सांगू शकतो. पण वर्षाचा हिशेब विचाराल तर माझ्याकडं काही नाही. चार वर्षांत मी दोन पॅन्टी आणि एक ट्रान्झिस्टर केला. दिवसाला काम होतं, वर्षाला काम नव्हतं. चकवा म्हणतो तो हाच.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

आमची जमीन फॉरेस्टची. आज्यानं तोडलेली, बापानं कसलेली. पहिल्यांदा एकसाली मिळाली होती. मग एकसाली बंद झाली. कसणं काही बंद झालं नाही, कारण पोट बंद होत नाही. दर वर्षी गार्ड यायचा, गुन्हा नोंदवायचा, दंड करायचा. बा दंड भरायचा आणि पावती घरी आणून छपराच्या कुडाला खोचून ठेवायचा. आम्ही त्याला हसायचो, की दंडाची पावती काय जपून ठेवतोस, मेडल आहे का? तो म्हणायचा, कागद आहे, असू दे.

मग सरकारचा २७ डिसेंबर १९७८ चा निर्णय आला. ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून ज्यांचं अतिक्रमण आहे त्यांचं नियमित करावं, असा. निर्णय मंत्रालयात झाला एका दिवसात, आमच्या पाड्यावर चौकशी पोचायला वर्षं गेली. आणि पोचल्यावर काय विचारलं? पुरावा दाखवा. मग त्याच दंडाच्या पावत्या पुरावा झाल्या! ज्या कागदानं आम्हाला चोर ठरवलं त्याच कागदानं आम्ही कसणारे ठरणार होतो. बाकडं तेवढं बापाला न शिकता कळलेलं होतं.

नोटीस आली. तारीख होती शुक्रवारची. बाला वाचता येत नाही. घरात वाचणारा मी एकटा, आणि मी कल्याणला. आमच्या पाड्यातल्या बाया त्या दिवसांत शेवळं विकायला कल्याणला येतात, स्टेशनच्या बाहेर बसतात. त्यातल्या एका मावशीकडं बानं निरोप दिला. मावशीनं मला नाक्यावर येऊन मंगळवारीच सांगितलं, शुक्रवारी बापाला घेऊन कचेरीत जायचंय, पावत्या घेऊन, तू ये. मी म्हटलं, येतो.

गेलो नाही.

त्या शुक्रवारी मला काम होतं असं पण नाही. काम असतं तर निदान सांगायला निमित्त झालं असतं. मला काम मिळालं नव्हतं. मी खोलीवर झोपून होतो. मनात म्हणत होतो, कचेरीत काय होणार आहे, नेहमीसारखं पुढची तारीख देतील. जाऊन काय, न जाऊन काय. बा माझी वाट बघत एसटी थांब्यावर दुपारपर्यंत बसला. मग एकटा गेला. कचेरीत पोचला तेव्हा पुकारा होऊन गेला होता. कागदावर ‘गैरहजर’ लिहिलं गेलं, आणि पुढं दावा नामंजूर.

बा मला एक शब्द बोलला नाही. पावत्या परत कुडाला खोचल्या. पुढच्या पावसात पुन्हा तिथंच नांगर घातला, पुन्हा दंड भरला.

मी हे रडायला सांगत नाही. सांगतो अशासाठी, की आपण म्हणतो एखादा पोरगा वाया गेला तर त्याचं नुकसान झालं. नाही. एका पोराला दिशा नव्हती आणि एका कुटुंबाची दोन एकर जमीन कागदावरून गेली. माझ्यासारखे किती असतील? मुरबाड, शहापूर, कर्जतकडून येणाऱ्या गाड्या रोज कल्याणला रिकाम्या होतात. कल्याण जंक्शन आहे. तिथून एक फाटा कसाऱ्याला जातो, एक कर्जतला. गाडीला ठाऊक असतं आपण कुठल्या फाट्यावर जायचं. इंडिकेटरवर लिहिलेलं असतं. आतल्या पोराला ठाऊक नसतं.

आता कोणी म्हणेल, मग तुझीच चूक. हो, माझी चूक. पण नुसतं ‘पोरं बिघडली’ म्हणून उठू नका. चकवा जंगलात लागतो, आणि जंगल कोणी वाढवलं तेही बघायला पाहिजे.

वीटभट्टीचं बघा. गणपती-दसऱ्याच्या सुमाराला घरातलं धान्य संपत आलेलं असतं. तेव्हा मालकाचा माणूस येतो आणि उचल देतो. त्या पैशात सण होतो, दुखणं निघतं, लग्न होतं. दिवाळी झाली की सगळं कुटुंब, तान्ह्या पोरासकट, कल्याण-भिवंडीच्या बाजूला भट्टीवर. पोरांची शाळा बंद. पहिला पाऊस पडला की परत. जाताना हिशेब होतो तेव्हा कळतं की सहा महिने विटा पाडून पैसे अंगावरच फिरलेत. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर. आता मला सांगा, ज्याचे पुढचे सहा महिने दसऱ्यालाच विकले गेलेत, त्यानं दिशा ठरवायची कशी? ठरवायला त्याच्या हातात वेळच नाही. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा आहे. उचल देऊन माणूस बांधून ठेवणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. कायदा आहे, पण उचल घेतलेल्या माणसाला तो कोणी वाचून दाखवलेला नाही.

पाण्याचं बघा. तानसा, मोडकसागर, भातसा. धरणं आपल्या जिल्ह्यात, आपल्या डोंगरांतून येणारं पाणी, आणि नळ मुंबईला. तानसा तर १८९२ पासून आहे. शंभर वर्षं पाण्याला कुठं जायचं ते नेमकं माहीत आहे. मोठमोठ्या पाइपातून ते सरळ जातं, एक वळण चुकत नाही. आणि त्याच शहापूर तालुक्यातली बाई उन्हाळ्यात हंडा घेऊन कुठल्या झऱ्याला पाणी आहे ते शोधत फिरते. पाण्याला दिशा दिली गेली, बाईला नाही दिली. हे आपोआप झालं का? कोणीतरी बसून नकाशा काढला म्हणून झालं. आपल्या बाजूनं कोणी नकाशा काढला नाही.

आणि शहरातल्या भावांनी असं समजू नये की चकवा फक्त आदिवासीला लागतो. कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका १९८३ साली झाली. शेतं गेली, खाड्यांवर भराव पडला, चाळी उठल्या, बिल्डिंगी झाल्या. शहर वाढतंय, पण कुठल्या बाजूला आणि कशासाठी हे तिथं राहणाऱ्यालाही विचारलेलं नाही. सकाळच्या लोकलला लोंबकळणारा बाबू आणि नाक्यावरचा आमचा पोरगा, दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. बाबूला त्याच्या गाडीचा टाइम मिनिटासकट पाठ आहे. पण वीस वर्षं त्या गाडीनं जाऊन आपण कुठं आलो, असं त्याला विचारा, तो पण गप्प बसतो. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. या शिबिराला पैसे त्यांच्यातल्याच काही जणांनी दिलेत. ते आपल्याकडं का येतात, याचं एक कारण हे पण असेल.

आता संघटनेबद्दल. इथं जरा कडू बोलणार आहे.

आपण आज टिटवाळ्याजवळ बसलोय. लोक इथं गणपतीला येतात. पण या टिटवाळ्याला आणखी एक इतिहास आहे. ७ जानेवारी १९४५ ला इथं किसान सभेची परिषद भरली होती. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिच्या तयारीला गावोगाव फिरले होते. त्या परिषदेला उंबरगाव तालुक्यातले थोडे वारली आले होते. तेव्हा उंबरगाव आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यांच्यात माह्या धांगडा होते. त्यांच्या तिकडं लग्नाच्या कर्जापोटी नवरा-बायको दोघं सावकाराचे गडी व्हायचे, जमीनदार म्हणेल तेव्हा फुकट काम. हे सगळं घेऊन ते इथं आले, इतर शेतकऱ्यांचं ऐकलं, आणि परत गेले.

पुढं चारच महिन्यांनी, २३ मे १९४५ ला, तलासरीकडं झरी गावात सभा झाली. हजारो वारली जमले. तिथं जे ठरलं ते फार थोडं होतं. रोख बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम करायचं नाही. फुकट वेठ करायची नाही. मारायला आला तर सोसायचं नाही. आणि सगळ्यांनी एक राहायचं. बस. चार गोष्टी.

या चार गोष्टी कागदावर लिहायची गरज नव्हती. वाचता न येणारा माणूस त्या डोक्यात घेऊन डोंगर चढून दुसऱ्या पाड्यावर जाऊ शकत होता आणि तिथं जशाच्या तशा सांगू शकत होता. त्याच वर्षी गवत कापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी. किती पौंडाला किती रुपये, पोरालाही पाठ. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. तरी लोक पांगले नाहीत, कारण कशासाठी उभे आहोत हे शेवटच्या माणसाला माहीत होतं. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलंय. ज्यांना वाचता येतं त्यांनी ते वाचावं, आणि ज्यांना येत नाही त्यांना वाचून दाखवावं.

आता आपलं बघा. गेल्या मोर्चाच्या वेळी आपण जे निवेदन दिलं त्यात सत्तावीस मागण्या होत्या. मी स्वतः ते लिहायला बसलो होतो, म्हणून मला माहीत आहे. जमिनीची मागणी नवव्या नंबरला होती. पहिल्या आठ मागण्या काय होत्या? आता मला पण आठवत नाहीत. मोर्च्यात आलेल्या एका म्हाताऱ्या आजीला पत्रकारानं विचारलं, आजी कशासाठी आलात? ती म्हणाली, पोरांनी सांगितलं ट्रक आलाय, चढ, म्हणून चढले. आपण हसलो. हसण्यासारखं नव्हतं ते. मी एसटीत चढून कल्याणला उतरलो आणि ती ट्रकात चढून कलेक्टर कचेरीसमोर उतरली, दोघांत फरक काय?

मोर्चा निघाला. घोषणा झाल्या. साहेब बाहेर आले, निवेदन घेतलं, ‘वर पाठवतो’ म्हणाले. फोटो निघाला. भाकरी खाल्ली. घरी गेलो. सहा महिन्यांनी पुन्हा मोर्चा, पुन्हा तेच झाड, पुन्हा तोच ऐन. आपण चाललो नाही असं नाही. खूप चाललो.

आणि या मधल्या काळात कायद्याची दारं उघडली आणि बंद झाली. १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्यानं कसणारा मालक झाला. ज्याचं नाव कागदावर होतं तो मालक झाला. आपल्यातल्या किती जणांची नावं तेव्हा सातबाऱ्यावर होती? तोंडी कसत होते, तोंडीच निघाले. मग १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत द्यायचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जी जमीन बिगर-आदिवासीकडं गेली ती परत मिळावी म्हणून. आणि ६ जुलै १९७४ नंतर कलेक्टरच्या परवानगीशिवाय आपली जमीन बिगर-आदिवासीला विकताच येत नाही, हे महसूल कायद्याचं ३६-अ कलम. मग १९७८ चा फॉरेस्टचा निर्णय, जो मी मघाशी सांगितला. मग १९८० ला वनसंवर्धनाचा केंद्राचा कायदा आला आणि ते दार जवळजवळ लागलं.

प्रत्येक दाराला तारीख आहे. दाराच्या या बाजूला आपली माणसं होती, हक्क होता, कसणूक होती. पण दार उघडलं तेव्हा तिथं उभं कोण होतं? ज्याला तारीख माहीत होती तो. आपण दुसऱ्याच मोर्च्यात होतो.

आणखी कडू बोलतो. काही पाड्यांत जमीन परत मिळाली. कागद झाला, ताबा झाला, आपण गुलाल उधळला. दोन वर्षांनी तिथं गेलो तर तीच जमीन तोच माणूस कसतोय! विचारलं, तर म्हणे बैल नव्हते, बियाणं नव्हतं, आजारपण निघालं, त्याच्याकडून पैसे घेतले, कागद नाही केला, तोंडीच दिली. त्या कायद्यात असं आहे, की जमीन परत घेणाऱ्यानं मी स्वतः कसेन असं लिहून द्यायचं. आपण लिहून दिलं. पण कसणार कशानं, हे आपण सभेत एकदा तरी बोललो का? आपल्याला वाटलं जमीन परत मिळाली म्हणजे घरी पोचलो. तो निम्मा रस्ता होता. निम्म्या रस्त्यात आपण ढोल वाजवला आणि माणूस अंधारात सोडून दिला.

मग करायचं काय?

चकवा लागल्यावर जुनी माणसं काय करायची ते आठवा. कोणी सांगतं चपला उलट्या घाला. कोणी सांगतं बिडी पेटवा. मला त्यातली एकच गोष्ट खरी वाटते, आणि ती सगळेच सांगतात. चालणं थांबवा. खाली बसा. बसल्यावर धाप कमी होते, मग कान उघडतात. पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते ऐकू येतं. ओढ्याच्या कडेनं उतारानं गेलं की कुठं ना कुठं पाडा लागतोच.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की या पावसाळ्यात मोर्चा नको. जिल्ह्याच्या कार्यकर्त्यांना हे आवडणार नाही. पण पेरणीच्या आधी एक रात्र आणि लावणी झाल्यावर एक रात्र, प्रत्येक पाड्यानं खाली बसावं. बाया, म्हातारे, पोरं, सगळे. दिवा लावावा आणि घराघराचं तीन प्रश्नांचं उत्तर काढावं. जमीन कुठली, किती, आणि सातबाऱ्यावर कोणाच्या नावानं? आज कसतो कोण? आणि कागद कुठं आहे? कागद म्हणजे फक्त सातबारा नाही. दंडाची पावती पण, एकसालीचा तुकडा पण, जुनी नोटीस पण. कुडात असेल, डब्यात असेल, कोणा वकिलाकडं राहिला असेल. कोणाकडं राहिला त्याचं नाव लिहावं.

दुसरी सूचना. प्रत्येक पाड्यात एक तारखांची वही. त्यात घोषणा नको, ठराव नको, फक्त तारखा. कोणाची तारीख, कुठल्या कचेरीत, कोणते कागद न्यायचे, बरोबर कोण जाणार. वही वाचता येणाऱ्या पोराकडं, पण तारखा पाठ एका म्हाताऱ्या माणसाला. म्हणजे पोरगा कल्याणला पळाला तरी तारीख पाड्यावर राहील. हा नियम मी माझ्यावरूनच केलाय.

तिसरी. भट्टीची उचल. उचल घेऊ नका असं मी सांगणार नाही. घरात पीठ नसलेल्याला उपदेश करणारा मी कोण? पण उचल घ्यायच्या आधी सभेत सांगायचं, की मी अमुक भट्टीवर, एवढ्या पैशावर जातोय. दहा घरं एका भट्टीवर जाणार असतील तर दहा जणांनी मिळून हजार विटांचा भाव आधी बोलावा. हिशेबाच्या दिवशी संघटनेचा माणूस तिथं हजर राहील. चार गोष्टी झरीला ठरल्या, तशी ही एक तरी आपण ठरवू.

चौथी सूचना पोरांना. बाळांनो, कल्याणला जा. मुंबईला जा. रानात बसून भूक मारा असं सांगायला मी उभा नाही. पण जाताना दोन गोष्टी सांगून जा. कशासाठी जातोय, आणि कधी येणार. बैल घ्यायला जातो, असं सांग. बहिणीच्या लग्नाचं फेडायला जातो, असं सांग. राहिलेले दोन विषय सोडवायला जातो, असं सांग. मी सांगितलं नव्हतं, कारण मला माहीत नव्हतं. कोणी विचारलं पण नव्हतं. इथून पुढं पाड्यानं विचारायचं. विचारणं म्हणजे अडवणं नाही.

आणि पाचवी, संघटनेसाठी. वर्षाला एक मागणी. सव्वीस मागण्या खोट्या आहेत असं नाही. रेशन पाहिजे, दवाखाना पाहिजे, रस्ता पाहिजे, सगळं पाहिजे. पण ज्या मागणीसाठी ट्रकात चढायचं ती मागणी ट्रकातल्या शेवटच्या आजीला सांगता आली पाहिजे. तिला सांगता येत नसेल तर ट्रक निघू द्यायचा नाही. मोर्चा पुढं ढकलला तरी चालेल.

काल रात्री एका पोरानं मला विचारलं, दादा, दिशा नेत्यानं द्यायची असते ना? तुम्ही द्या, आम्ही येतो. रात्रभर मी त्याच्यावर विचार केला. १९४५ साली पण बाहेरची माणसं आली होती, परुळेकर आले होते, हे खरं. त्यांच्याशिवाय झालं नसतं हे पण खरं. पण झरीच्या सभेनंतर रात्रीच्या रात्री डोंगर चढून पाड्या-पाड्यावर जे गेले ते वारलीच होते. ते नुसता निरोप्या म्हणून गेले नाहीत. आपल्या अंगावरचे वळ घेऊन गेले होते, म्हणून त्यांचं बोलणं पटलं. नेता बोट दाखवेल. पण बोट दाखवणारा तर नाक्यावर मुकादम पण असतो. सकाळी बोट दाखवतो, आपण त्याच्यामागं जातो, संध्याकाळी पैसे देतो आणि विसरून जातो. नेत्याचं बोट आणि मुकादमाचं बोट यात फरक राहायचा असेल तर आपण विचारलं पाहिजे, कुठं नेतोयस, किती दिवस, आणि आम्ही पोचलो की नाही हे कोण ठरवणार?

मी संपवतो. भाकरीची वेळ झालीय आणि मागं बसलेल्या पोरांचा चकवा भाकरीनं सुटेल असं दिसतंय.

बा आता थकलाय. नांगर भाऊ धरतो. राब भाजायला मी शिकलो, उशिरा शिकलो, अजून भाऊ हसतोच. त्या जमिनीवर आम्ही आजपण नागली आणि वरई घेतो आणि आजपण ती आमच्या नावावर नाही. दावा पुन्हा उघडावा म्हणून अर्ज केलाय. पावत्या आता कुडात नाहीत, वहीत चिकटवल्या आहेत, सालवार. दोन वाळवीनं खाल्ल्या, बाकी आहेत. त्या अर्जाची तारीख लागलीय. आमच्या पाड्यातल्या आणखी सात घरांची त्याच दिवशी आहे. जमीन मिळेल की नाही मला माहीत नाही. साहेब पुन्हा पुढची तारीख देतील, असंही होईल. पण पुकारा होईल तेव्हा आठही घरांतून ‘हजर’ असा आवाज येईल, एवढं आम्ही खाली बसून ठरवलंय.

मागच्या आठवड्यात बाला सांगितलं, या वेळी मी येतोय. तो म्हणाला, बरं, पण एसटी थांब्यावर मी नाही बसणार. तूच घरी येऊन मला घेऊन जा.

मी आदल्या रात्रीच घरी जाणार आहे. तुमच्यापैकी कोणाला आठ घरांबरोबर यायचं असेल त्यानं भाकरी झाल्यावर माझ्याकडं नाव द्यावं. ट्रक नाही. एसटीनं, आपापल्या तिकिटानं.

जिंदाबाद.

(पाड्यांना सूचना : तारखांच्या वह्या कचेरीत ठेवल्या आहेत. प्रत्येक पाड्यातून एकानं येऊन एक वही घेऊन जावी. वाचता येणारा नसेल तर शेजारच्या पाड्याची मदत घ्यावी.)